पिसवांचं पाणी

इस्लामपूरच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. गावात दूध विकणारे पुष्कळ आहेत, उसाची रोपं विकणारे आहेत, कोयत्याला धार लावून देणाराही एक आहे. पण माशांच्या पिल्लांचं जेवण विकणारा माणूस सगळ्या पंचक्रोशीत एकच होता. त्याचं नाव आकाराम.

हे मासे म्हणजे काचेच्या पेटीत ठेवतात ते, शोभेचे. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातली पोरं शेडमध्ये टाक्या बांधून त्यांची पैदास करू लागली. मोठ्या माशाचं काही अवघड नाही. गोळी टाकली तरी तो खातो. पण अंड्यातून नुकतं सुटलेलं पिल्लू म्हणजे डोळे लावलेला केस. मेलेलं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. समोर काही हललं तरच ते तोंड उघडतं. हललं नाही तर भरल्या टाकीत उपाशी मरतं. म्हणून त्याला जिवंत खाणं लागतं, त्याच्याहून बारीक, आणि रोज.

ते खाणं आकाराम जन्माला घालायचा.

तरुणपणी तो पुण्यात माशांच्या एका दुकानात काचा पुसायला होता. तिथं त्याचे हात शिकले. पुढं दुकान बंद पडलं, तो गावी आला, आणि येताना एक विद्या घेऊन आला. डब्यात तपकिरी भुकटी मिळते, नाचणीच्या पिठासारखी. ती खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या किड्याची अंडी असतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड कापायचं, ती उलटी टांगायची, खडेमिठाचं पाणी भरायचं, चिमूटभर भुकटी टाकायची आणि खालून हवेचा पंप सोडायचा. दुसऱ्या दिवशी बाटलीत केशरी धूर हलताना दिसतो. पंप बंद करून उजेड दाखवला की तो धूर उजेडाकडं सरकतो आणि टरफलं वर राहतात. मग फडक्यातून गाळायचं, धुवायचं. उरलेलं उथळ बशीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं की थंडीनं ते जीव सुस्तावतात आणि एक-दोन दिवस टिकतात.

आकारामची बायको बायडाबाई त्या बशीला फार भ्यायची. तिची जाऊ एकदा उन्हातून आली, तिनं फ्रीज उघडला आणि बशी तोंडाला लावणार, तेवढ्यात बायडाबाई ओरडली, "अगं ठेव ती! माशाच्या लेकरांचं हाय त्ये!" जाऊ म्हणाली, "मला वाटलं गाजराचा रस." ती पुन्हा त्या घरी पाणीसुद्धा निरखून प्यायची.

पण बाटलीतलं हे खाणं आकारामला खरं आवडत नव्हतं. ते खाऱ्या पाण्याचे जीव. माशाच्या गोड्या पाण्यात पडले की थोड्या वेळानं मरतात, तळाला बसतात आणि पाणी नासतं. त्याचा अभिमान अंगणात होता.

अंगणात विहिरीला लावतात तसल्या सिमेंटच्या रिंगा होत्या. त्यांची बुडं लिपून त्यानं टाक्या केल्या होत्या. वरून बघणाऱ्याला नुसतं हिरवट गढूळ पाणी दिसायचं. गुडघे टेकून, डोळा पाण्याजवळ नेऊन बघितलं की मग कळायचं. पाणी उड्या मारत होतं. पांढुरके, खसखशीपेक्षा बारीक ठिपके, लाखोंनी, वर उडी, खाली गिरकी, पुन्हा वर. पिसवांसारखी उडी म्हणून गाव त्यांना पिसवा म्हणे आणि त्यालाही पिसवावाला. हे गोड्या पाण्याचे जीव. माशाच्या टाकीत सोडले की खाल्ले जाईपर्यंत नाचत राहतात. मासे पाळणारी पोरं म्हणायची, आकारामकाकाच्या पिसवांवर वाढलेल्या पिल्लाचा रंगच वेगळा.

ह्या पिसवा त्यानं आपल्या आईच्या माहेराहून आणल्या होत्या, म्हसवडच्या बाजूच्या एका वाडीवरून. तिथं ओढ्याच्या कडेला एक डबकं होतं. पावसात भरायचं, माघात आटायचं आणि उन्हाळाभर भेगाळून पडायचं. पुन्हा पाणी आलं की चौथ्या दिवशी त्यात पिसवा हजर. आकारामनं लहानपणी हे बघितलेलं. ह्या जिवाची रीतच तशी आहे. पाणी आटायला लागलं की तो काळी, कठीण अंडी घालतो आणि मरून जातो. अंडी सुक्या गाळात पडून राहतात, वर्ष, दोन वर्षं, कितीही. पाण्याची वाट बघतात. आकारामनं तसा सुका गाळ एका गाडग्यात भरून, तोंडाला फडकं बांधून घरात ठेवला होता. टाकीतल्या पिसवा कधी मेल्याच, तर हे बियाणं.

आता पिसवांना खायला काय? तर शेणाचं पाणी. शेणाची पुरचुंडी टाकीत सोडली की पाणी पिकतं, हिरवं होतं, आणि त्या हिरव्यावर पिसवा वाढतात. आकारामच्या दारात जनावर नव्हतं. त्याचं घर बौद्ध, आज्याच्या काळापासून. मेलेलं ढोर ओढायचं ज्या दिवशी सोडलं, त्या दिवसापासून दुसऱ्याच्या गोठ्यात पाय टाकायचा नाही, असा त्या घरचा कायदा होता. तो कायदा आकारामनं एकाच गोठ्यासाठी मोडला. नाथाजी आबांच्या.

आबा फौजेतून आलेले. पोरं पुण्याला, म्हातारी वारलेली, घरात एकटे. त्यांचं सगळं जग म्हणजे एक खिलार गाय, हरणी. माणदेशातल्या बाजारातून स्वतः निवडून आणलेली, दुधासारखी पांढरी, शिंगं कमानीसारखी. आबा तिला रोज धुवायचे, फौजेत बूट घासायचे तसे तिचे खूर घासायचे.

एकदा आकाराम दुसऱ्याच कुणाच्या तरी उकिरड्यावरून म्हशीचं शेण नेत होता. आबांनी हाक मारली.

"आकाराम, कुठं न्हेतोस रं त्ये?"

"पिसवांस्नी, आबा."

"म्हशीचं? आरं गड्या, लेकरांस्नी घालायचं तर चांगलं घालावं. ही लक्ष्मी हुबी हाय हितं आन तू उकिरडं हुडकतोस?"

तेव्हापासून रोज सकाळी आबा गोठ्यापुढं बादली भरून ठेवत आणि आकाराम ती नेत असे. हळूहळू आबाही त्याच्या अंगणात येऊ लागले. उंबऱ्याच्या अलीकडं, टाकीच्या कडेवर बसायचे आणि पाण्यात बघत राहायचे. "ह्यास्नी वळ लावायला शिकवलं तर परेड हुईल रं," असं म्हणून स्वतःच हसायचे. बायडाबाई चहा विचारायची. आबा म्हणायचे, "आत्ताच झाला." दरवेळी आत्ताच झालेला असायचा. आकारामनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. माणूस येऊन बसतो, हेच त्याला खूप होतं.

मग जनावरांच्या लंपीच्या साथीचं साल आलं. गोठ्यागोठ्यांत गाठी आलेली जनावरं उभी राहिली, बाजार बंद झाले, शेताच्या कडेला जेसीबीनं खड्डे घेऊन गाई पुरल्या गेल्या. हरणीला काही झालं नाही. आबांनी होऊ दिलं नाही. लसीबरोबर गोचिडाचं इंजेक्शन दिलं, पाठीवर औषध ओतलं, आणि साथ ओसरली तरी भीती ओसरली नाही म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी ते देतच राहिले.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी आकाराम टाकीशी वाकला आणि पाणी गप्प होतं.

आधी त्याला वाटलं आपलीच नजर. त्यानं पेल्यात पाणी घेऊन उजेडाला धरलं. ठिपके तळाला होते. एखादा कुशीवर पडून हात हलवत होता, उडी मात्र येत नव्हती. दुपारपर्यंत सगळ्या रिंगा तशाच झाल्या.

"थंडी लागली आसंल," बायडाबाई म्हणाली.

"ह्यापेक्षा मोठ्या थंड्या काढल्यात त्यांनी."

"मग कुणाची नजर?"

"माशांच्या लेकरांची," तो म्हणाला आणि हसला. तेव्हा त्याला हसता येत होतं. गाडगं होतं ना घरात.

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जयराज, शेजारच्या गावचा. त्याच्या शेडमध्ये एंजल माशांची पिल्लं सुटायची होती. आकारामनं त्याला सांगितलं, थोडं थांब, तोवर बाटलीतलं घे. जयराज चांगला पोरगा. म्हणाला, "काका, थांबतो. पण लय दिवस जमायचं न्हाई हां. पिल्लं काय माझं ऐकून उपाशी ऱ्हात न्हाईत."

आकारामनं रिंगा घासल्या, साठवलेलं पावसाचं पाणी भरलं आणि निम्मा गाळ त्यात सोडला. उन्हं पाण्यात पडली, आणि काही दिवसांनी पाण्यात धुळीएवढी हालचाल दिसली. बायडाबाईला हाताला धरून त्यानं दाखवलं. तिला काही दिसलं नाही, तरी ती म्हणाली, "व्हय की!" आबांना सांगितल्यावर आबांनी त्या दिवशी मुद्दाम ताजं, गरम शेण दिलं. "बाळंतिणीला डिंक, तसं ह्ये," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गप्प झालं.

ह्यावेळी तो हसला नाही. मोटरसायकल काढून म्हसवडकडं निघाला. गाडग्यात निम्मा गाळ होता, पण त्याला त्याची भीती वाटायला लागली होती, शेवटच्या काडीची वाटते तशी. त्याला वाटलं, मूळ डबक्यातून नवा गाळ आणावा. औंधवरून पुढं निघालं की पूर्वी सगळा मुलूख तांबडा, उघडा असायचा. आता कुठं कुठं ऊस उभा होता. मामाच्या वाडीवर पोचला तर ओढा खोल केलेला, बांध घातलेला, वरून पाटाचं पाणी आलेलं, बारमाही भरलेलं. डबक्याच्या जागी कमरेहून खोल पाणी आणि त्यात चिलापी मासे. मामेभावानं मोठ्या कौतुकानं सगळं फिरून दाखवलं.

"कसलं पाणी आलंय बघ, आकाराम! तुझी आई असती तर नाचली असती."

"लय बेस झालं," आकाराम म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. त्या वाडीवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन किती लांब जायच्या ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण जे पाणी आटत नाही त्यात वाट बघणारी अंडी राहत नाहीत, आणि जिथं मासा आला तिथं पिसू उरत नाही. तो रिकामा परत आला.

परत आल्यावर तो बादली घ्यायला गोठ्यात गेला. आबा हातात बोळा घेऊन हरणीच्या पाठीला औषध लावत होते.

"एक गोचीड दाव," आबा म्हणाले, "मिशी काढून दीन. आन आजून एक गंमत बघ. शेणावर माशी सुदा ऱ्हाईना झालीया. कसलं औषध हाय बघ!"

आकारामनं खाली बघितलं. कालचं शेण पडलं होतं, परवाचं पडलं होतं. शेणाच्या एकाही पोवट्याला भोक नव्हतं. शेणातले काळे किडे, जे एरवी रात्रीतून पोवटा पोखरून गोळे करून नेतात, त्यांचा मागमूस नव्हता. एक किडा बाजूला उताणा पडला होता. शेण जसंच्या तसं, कुणी शिवलेलं नाही असं, वाळत होतं.

त्याला सगळं कळलं. बादली हातात होती. आबा हरणीच्या कपाळावरून हात फिरवत होते.

आता बोलायचं होतं एवढंच. आबा, औषध शेणात उतरतंय, त्यानं माझं सगळं मेलं. एवढंच वाक्य. पण ते त्याच्या तोंडातून येईना. गाईच्या शेणानं जीव मेले, हे कुणी म्हणायचं? त्यानं? ज्या घरानं मेलेल्या गाईला हात लावणं सोडलं म्हणून गावानं कधीकाळी पाणी तोडलं होतं, त्या घरातल्या माणसानं? चावडीवर हे वाक्य कसं फिरेल आणि फिरता फिरता त्याचं काय होईल, ते त्याला दिसत होतं. आबा तसे नव्हते, हे त्याला माहीत होतं. पण आबांचं सगळं जग त्या एका गाईवर उभं होतं, हेही माहीत होतं. तो म्हणाला, "येतो आबा," आणि बादली घेऊन बाहेर पडला.

ती बादली त्यानं ओढ्यापलीकडच्या पडीक रानात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज बादली न्यायची, रोज फेकून यायचं. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. फक्त बायडाबाईला त्यानं सांगितलं. ती चुलीपुढून उठली. मग म्हणाली, "म्हशीचं आना की कुनाचं."

"समद्यांनी तेच टोचलंय."

राहिलेला गाळ त्यानं एकाच रिंगेत सोडला. शेण घातलंच नाही. दुसऱ्या टाकीत मेथीच्या काड्या आणि कोबीची पानं कुजवून पाणी हिरवं केलं, बेकरीतून थोडं यीस्ट आणलं आणि अगदी मोजकं, चमच्यानं घालू लागला. पिसवा निघाल्या, थोड्याच. पण ह्यावेळी त्या टिकल्या. आधी धूळ होती, मग रवा झाला, मग त्यांच्या पोटात पिल्लं दिसू लागली. आकारामला पुन्हा जेवण गोड लागायला लागलं. जयराजला त्यानं फोन केला, "ह्या बाजारापर्यंत थांब. मग कदी बंद पडायच्या न्हाईत."

"शेवटचं हां काका. भुकटीच्या डब्यांची आर्डर मी टाकून ठेवलीया, पर थांबवतो."

त्या आठवड्यात एका सकाळी आकाराम लवकर इस्लामपूरला गेला, पंपाची नळी आणायला. बादली न्यायचं राहिलं.

तो परतला तेव्हा अंगणात आबा होते. धोतर खोचलेलं, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. रिकामी बादली रिंगेला टेकवलेली. पाणी तपकिरी झालं होतं. बायडाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"आलास व्हय?" आबा म्हणाले. "म्हटलं आज गडी आला न्हाई, लेकरं उपाशी बसल्याती. मीच आनलं. मस कालवून घातलं बघ, गुठळी न्हाई ठेवली एक."

सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळ्या गल्लीतून, डोक्यावर शेणाची बादली घेऊन, आकारामच्या दारात आला होता. गावातल्या कुणी पूर्वी त्या घरासाठी काही उचलून आणलं नव्हतं.

"कशाला तरास घेतलासा आबा," आकाराम म्हणाला.

आबांनी हात धुतले. मग उंबऱ्याकडं बघितलं, बायडाबाईकडं बघितलं, आणि जरा अडखळत म्हणाले, "पोरी, च्या हुईल का? दमलोय बघ."

बायडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. पिसवा गाळायची बारीक जाळी खिळ्याला होती. स्वच्छ पाण्याची टाकी शेजारीच होती. विष लगेच मारत नाही, हे दोघांनाही आता ठाऊक होतं. आत्ता जाळी मारली, धुऊन दुसऱ्या पाण्यात घातल्या, तर ओंजळभर वाचल्या असत्या, आणि ओंजळभरातून सगळ्या. पण जाळी उचलायची म्हणजे आबांपुढं उचलायची. आबांनी कालवलेल्या शेणातून, आबांच्या डोळ्यांदेखत, जीव बाहेर काढायचे.

"व्हईल की," आकाराम म्हणाला. "आत या, आबा."

आबा आत गेले. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्चीवर बसले. चहा झाला. कप दोन्ही हातांत धरून त्यांनी तो सावकाश प्यायला, आणि मग फौजेतल्या गोष्टी काढल्या. लडाखच्या बर्फात पाणी कसं फोडून वितळवायचे ते सांगितलं. म्हातारी कशानं गेली, ते सांगितलं. आजवर हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आकाराम समोर बसून हूं, हूं म्हणत होता. बोलणं लांबत गेलं. बायडाबाई दोनदा उठून अंगणात गेली आणि परत आली. तिच्या तोंडाकडं आकारामनं बघितलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आबा उठले.

"बरं वाटलं गड्या," म्हणाले. "उगं इतकी वरसं भाईर बसत हुतो."

ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले, मग आकाराम टाकीशी गेला. वाकला नाही. उभ्यानंच दिसत होतं.

"मी म्हटलं त्यास्नी, ऱ्हाऊ द्या, मी टाकते," बायडाबाई म्हणाली. "ऐकलंच न्हाई."

"सांगायचं हुतंस."

"तुमी इतकं दिस सांगितलंसा?"

 

जयराजनं डबे मागवले. आता त्याची पिल्लं बाटलीतल्या खाण्यावरच वाढतात, आणि चांगली वाढतात. एकदा त्यानं बाहेरगावाहून पिसवांचं पार्सलही मागवून आकारामला आणून दिलं. पिशवी उघडली तेव्हा नुसता वास आला. आकाराम सध्या उसाच्या रोपवाटिकेत ट्रेमध्ये माती भरायला जातो. पंप त्यानं जयराजला देऊन टाकला.

एका रिंगेत पाणी मात्र तो अजून ठेवतो. आबा चहाला येतात ना, आणि चहा झाल्यावर तिच्या कडेवर जाऊन बसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनला ते तयार नाहीत. पाण्यात ऊन हलतं तेवढं त्यांना दिसतं.

"लय झाल्याती की रं आता," आबा म्हणतात.

"व्हय आबा," आकाराम म्हणतो.